स्कॉटलंडचे डोंगर आणि पश्चिमेची बेटं : साताऱ्याहून निघणाऱ्या सहलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की साताऱ्यात आणि सांगलीत आम्ही माहितीसाठी बसतो, तेव्हा दरवर्षी तेच प्रश्न येतात. काही सगळ्यांसमोर विचारले जातात, काही बैठक संपल्यावर जिन्यात, हळू आवाजात. जिन्यातले प्रश्न जास्त कामाचे असतात, म्हणून तेही इथे घेतले आहेत. सहल वर्षातून दोनदाच निघते, मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला. एका वेळी चौदाच माणसं नेतो, कारण तिकडच्या अरुंद रस्त्यांवर सोळा आसनांच्या गाडीपेक्षा मोठी गाडी म्हणजे डोकेदुखी.

नेमकं कुठं जायचं? लंडन दिसेल का?

लंडनचा विमानतळ दिसेल, तेवढाच. मुंबई ते लंडन, तिथून एडिनबरा. एडिनबऱ्यात दोन रात्री झोप भरून काढायची आणि किल्ला बघायचा. मग ग्लेनको खोऱ्यातून फोर्ट विल्यमला दोन रात्री. मॅलेगच्या बंदरातून बोटीने स्काय बेटावर, तिथे तीन रात्री. स्कायच्या उत्तर टोकाला यूग नावाचं बंदर आहे, तिथून पुढची बोट धरून हॅरिस आणि लुईसवर तीन रात्री. ही दोन नावं असली तरी जमीन एकच आहे, हे नकाशा बघितल्याशिवाय कुणाला पटत नाही. परत येताना लुईसवरच्या स्टॉर्नोवेहून मुख्य भूमीवरच्या अलापूलला बोट, इन्व्हर्नेसला एक रात्र आणि शेवटी पुन्हा एडिनबऱ्यात एक राखीव रात्र. ती राखीव का, ते बोटीच्या प्रश्नात येईल.

ज्यांना लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंड एका दमात करायचं आहे त्यांनी आमच्याकडे येऊ नये. त्यासाठी चांगल्या मोठ्या कंपन्या आहेत.

डोंगर बघायला एवढ्या लांब कशाला? आपला सह्याद्री काय वाईट आहे?

हा प्रश्न बहुतेक वेळा ट्रेक करणारी पोरं विचारतात, आणि तो रास्त आहे. उंचीचंच बोलायचं तर तिथला सगळ्यात उंच बेन नेव्हिस १३४५ मीटर. महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट १४३८ मीटर, कळसूबाई १६४६. म्हणजे आपण चहा पिऊन सूर्योदय बघायला जिथं गाडीने जातो, ती जागा ब्रिटनच्या सर्वोच्च शिखराहून उंच आहे.

फरक असा, की बेन नेव्हिस जवळजवळ समुद्रसपाटीपासून उठतो, आणि तिथं खोऱ्यांचा आकार नदीने नाही, बर्फाने घडवला आहे. शेवटचं हिमयुग साधारण साडेअकरा हजार वर्षांपूर्वी ओसरलं. हिमनद्यांनी खरवडलेली ग्लेनकोची दरी तळाशी रुंद आणि बाजूंना सरळसोट आहे. आपल्या घाटातल्या चिंचोळ्या, खोल दऱ्या बघून मोठं झालेलं डोळ्याचं माप तिथं चुकतं. झाडंही फार कमी. तोड, मेंढ्या, हरणं आणि वारा, सगळ्यांनी मिळून डोंगर बोडके केले आहेत.

पण स्कायच्या ट्रॉटरनिश भागात गेलात की घरी आल्यासारखं वाटेल, त्यालाही कारण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे लाव्हाचे थर साचून दख्खनचं पठार झालं. तिकडे उत्तर अटलांटिक उघडत असताना, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी, तसेच थर साचले. तोच काळा बेसॉल्ट, त्याच पायऱ्या. मात्र तिकडे त्या जड थरांखाली मऊ, जुना गाळाचा दगड होता. तो भार सोसेना आणि अख्खी कड घसरली. क्विरांगचे आणि स्टॉरचे सुळके त्या घसरणीतून उरलेले आहेत. क्विरांगची जमीन अजून हळूहळू सरकते आणि तिच्या पायथ्याचा रस्ता पुन्हा पुन्हा दुरुस्त करावा लागतो. दरडीचा रस्ता कसा असतो हे आंबेनळी घाटातून जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

तिथून बोटीने लुईसला गेलं की पायाखालचा दगडच बदलतो. तो करड्या पट्ट्यांचा नाईस खडक, काही ठिकाणी ३०० कोटी वर्षांपर्यंत जुना. त्याच्याच उभ्या शिळा रोवून माणसांनी सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी कॅलनिशचं वर्तुळ केलं. आम्ही तिथं संध्याकाळी उशिरा नेतो, कारण तेव्हा गर्दीच्या बसगाड्या गेलेल्या असतात.

बोट लागते का? आणि रद्द झाली तर काय?

बामणोलीची लाँच डोळ्यांपुढे आणू नका. या बोटी मोटारी, ट्रक, गुरांच्या गाड्या पोटात घेऊन जाणाऱ्या आहेत. वर बसायला खुर्च्या, कँटीन, सगळं असतं. मॅलेग ते स्काय साधारण अर्धा-पाऊण तास, यूग ते हॅरिसचं टार्बर्ट पावणेदोन तासांच्या आत, परतीची स्टॉर्नोवे–अलापूल अडीच-पावणेतीन तास. ज्यांना खंबाटकीत गाडी लागते त्यांना बोटही लागू शकते. डॉक्टरांना विचारून गोळी घ्या, ती बोट सुटण्याआधी घ्या, पोट बिघडल्यावर नाही. आत बसून मोबाईल बघू नका. बाहेर डेकवर उभं राहून क्षितिजाकडे बघा. आमच्याकडे आलेपाकाच्या वड्या असतात.

रद्द होण्याबद्दल खरं सांगतो. होते. वारा वाढला की होते, बोटीत बिघाड झाला की होते, आणि सकाळी सहाला मोबाईलवर एक ओळीचा निरोप येतो. एका वर्षी आम्ही यूगला दीड दिवस अडकलो. पुढच्या बेटावरची राहण्याची जागा वाया गेली, चौदा माणसांना त्याच रात्री स्कायवर दुसरीकडे झोपायची सोय करायची होती, आणि मेमध्ये स्कायवर रिकामी खोली मिळणं म्हणजे कास पठारावर सप्टेंबरच्या रविवारी पार्किंग मिळण्यासारखं. शेवटी एका गावच्या सभागृहाची किल्ली मिळाली. गावातल्या बायकांनी पांघरुणं आणून दिली. त्या रात्रीबद्दल आमचे लोक आजही कौतुकाने बोलतात. मला मात्र तेव्हा घाम फुटला होता.

त्यानंतर आम्ही शेवटी एक राखीव रात्र ठेवली आणि प्रत्येक बोटीला दुसरा मार्ग लिहून ठेवला. स्काय बेट १९९५ पासून पुलाने मुख्य भूमीला जोडलेलं आहे, त्यामुळे तिथं अडकून पडायची भीती नाही. हॅरिस-लुईसला पूल नाही. तिथं वारा म्हणेल ते. बेटावरची माणसंही लग्नाच्या तारखा, दवाखान्याच्या वेळा त्याच हिशेबाने धरतात. म्हणून कार्यक्रमपत्रिकेत 'अमुक वाजता अमुक ठिकाणी' असं आम्ही छापत नाही, आणि त्यावरून भांडणाऱ्यांना पुढच्या वर्षी नेत नाही.

पाऊस किती? कपडे काय घ्यायचे?

महाबळेश्वरच्या मानाने तिथला पाऊस काहीच नाही. फरक इतकाच की आपला पाऊस चार महिने कोसळून जातो आणि तिथला वर्षभर भुरभुरतो. दिवसाचं तापमान बहुतेक १० ते १८ अंश. एकाच दिवशी ऊन, धुकं, गारा आणि पुन्हा ऊन. एक जाड स्वेटर नेण्यापेक्षा तीन पातळ कपडे एकावर एक घाला, आणि त्यावर चांगला रेनकोट. छत्री आणू नका, पहिल्याच वाऱ्यात उलटी होते. बूट पाणी न शिरणारे आणि घरी महिनाभर वापरलेले हवेत. दरवर्षी कुणीतरी नवे कोरे बूट घालून येतं आणि तिसऱ्या दिवशी टाचेला पट्टी लावून बसतं.

बॅग प्रत्येकी एकच, १५ किलोची. तिकडची घरगुती निवासं जुन्या घरांत असतात, लिफ्ट नसते, आणि बॅग तुमची तुम्हीच उचलायची आहे.

चिलटांचं खरं आहे का?

खरं आहे. मिज म्हणतात त्यांना. आपल्या चिलटांएवढी, पण थवाच्या थवा येतो आणि चावतो. जून ते ऑगस्ट जोर असतो. आमच्या तारखा त्याच्या अलीकडे-पलीकडे ठेवल्या आहेत त्या याचसाठी. वारा सुटला की ती उडू शकत नाहीत, त्यामुळे ज्या वाऱ्याने बोट रद्द होते त्यानेच चिलटंही जातात. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी आम्ही देतो. तिच्यातला फोटो कुणी घरी पाठवत नाही.

तिकडे रात्रच होत नाही म्हणे?

मेअखेरीला लुईसवर सूर्य रात्री सव्वादहाच्या सुमाराला मावळतो आणि पहाटे साडेचारला पुन्हा हजर. मधेही आकाश पूर्ण काळं होत नाही. डोळ्यांवर बांधायला पट्टी आणा. सप्टेंबरच्या सहलीला रात्र साधी असते, पण तेव्हा पफिन पक्षी नसतात. ते ऑगस्टच्या सुरुवातीलाच समुद्रावर निघून जातात.

शाकाहारी माणसाचं काय होईल?

उपाशी राहणार नाही, कंटाळेल. सकाळी ओट्सची लापशी, टोस्ट, बीन्स, मशरूम. दुपारी सूप-ब्रेड, संध्याकाळी पास्ता किंवा भाजलेला बटाटा. सूपमध्ये मांसाचा रस्सा नाही ना, हे आम्ही विचारतो. तिकडच्या काही चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं. पाळणाऱ्यांनी आधी सांगावं, म्हणजे तसं नसलेलं मागवता येतं. फोर्ट विल्यम आणि इन्व्हर्नेसला भारतीय हॉटेलं आहेत, पण तिथली भाजी गोड लागली तर आमच्याकडे तक्रार करू नका. लसणाची चटणी स्वतःजवळ ठेवा.

हॅगिस हा तिथला मानाचा पदार्थ. मेंढीचं काळीज, फुप्फुस, ओट्स आणि मिरी. वजडी आवडीने खाणाऱ्या आमच्या माणदेशी मंडळींनी दोनदा मागवला. त्याचा शाकाहारी प्रकारही मिळतो आणि तो बरा असतो.

कंदी पेढे नेता येतील का?

नाही. भारतातून दूध आणि दुधाचे पदार्थ, तसंच मांस, प्रवाशाला ब्रिटनमध्ये नेता येत नाही. पेढे, बर्फी, तूप सगळं त्यात आलं. विमानतळावर पेढ्याचा पुडा टाकून देताना साताऱ्याच्या माणसाचा चेहरा बघवत नाही. ताजा कढीपत्ता, मिरच्या, बियाणंही नको. भडंग, शेंगदाण्याची चटणी, बेसन, हळद, बेदाणे चालतात. थोडक्यात, या बाबतीत सांगलीकर सातारकरांवर मात करतात. ज्यांच्या घरी उतरतो त्यांना द्यायला आम्हीही हळद आणि बेदाणेच नेतो.

रविवारी सगळं बंद असतं, मग आपण काय करायचं?

लुईस आणि हॅरिसवर रविवार म्हणजे देवाचा दिवस, आणि तो अजून बऱ्यापैकी पाळला जातो. स्टॉर्नोवेहून रविवारची बोट सुरू झाली तीच मुळी २००९ मध्ये, आणि तेव्हाही वाद झाला. बहुतेक दुकानं, हॉटेलं बंद. काही लोक त्या दिवशी कपडेही वाळत घालत नाहीत. आम्ही मुद्दाम रविवार तिथं पडेल अशी सहल आखतो. सकाळी लस्केंटायरच्या किनाऱ्यावर चालायचं. वाळू पांढरी, पाणी निळं-हिरवं, फोटोत मालदीव वाटेल. पाण्यात पाय घातला की वाटणार नाही. दुपारी राहत्या घराच्या स्वयंपाकघरात आपला पिठलं-भात. चौदा माणसांना पुरेल एवढं पिठलं कोण ढवळणार, हे विमानातच ठरतं.

सेंट किल्डा का दाखवत नाही? जाहिरातीत तर तेच असतं.

सेंट किल्डा म्हणजे या बेटांच्याही पश्चिमेला, उघड्या समुद्रात साठेक किलोमीटरवर असलेला कड्यांचा पुंजका. लहान बोटीने जाताना-येताना प्रत्येकी अडीच-तीन तास, आणि हवा बिघडली की बेत रद्द. चौदा जणांचा एक अख्खा दिवस त्यावर लावणं आम्हाला परवडत नाही. ज्यांना जायचंच आहे त्यांनी सहलीला जोडून स्वतंत्र दोन दिवस ठेवावेत.

गोष्ट मात्र आम्ही सांगतो. समुद्रपक्षी, त्यांची अंडी आणि मेंढ्यांवर जगणारं ते गाव आजारपण आणि माणसांच्या तुटवड्याने इतकं खचलं की उरलेल्यांनी स्वतःच सरकारला अर्ज केला. २९ ऑगस्ट १९३० ला शेवटची ३६ माणसं बेट सोडून गेली. एकदा ही गोष्ट चालू असताना गटातले एक काका उठून डेकच्या टोकाला गेले. त्यांचं जावळीतलं गाव कोयनेच्या पाण्यात गेलेलं. बऱ्याच वेळाने परत येऊन म्हणाले, "यांना निदान अर्ज करायला मिळाला."

हॅरिस-लुईसवर उजाड दिसणारी गावं तर त्याहून जुनी आहेत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी मेंढ्यांसाठी कुळं हाकलून दिली, कित्येक घरं कॅनडाला गेली. पुढे १८८६ च्या कायद्याने कुळांना जमिनीवर राहण्याचा हक्क मिळाला. स्कायच्या दक्षिणेचं इग बेट तर १९९७ मध्ये तिथल्या रहिवाशांनी धडपड करून मालकाकडून सोडवून घेतलं. कूळकायद्याची भांडणं ज्यांच्या घरात झाली आहेत ते लोक या भागात गाइडला सगळ्यात जास्त प्रश्न विचारतात.

साताऱ्याचा आणि स्कॉटलंडचा काही संबंध आहे का?

आहे, आणि जवळचा आहे. १८१८ नंतर साताऱ्यात प्रतापसिंह महाराजांच्या काळात कंपनीचा रेसिडेंट असलेला, पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा जेम्स ग्रँट डफ हा स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या बॅन्फचा. ज्याच्या नावाची महाबळेश्वरची माल्कमपेठ, तो गव्हर्नर जॉन माल्कम दक्षिण सीमेकडच्या लँगहोमजवळचा. एल्फिन्स्टन डंबार्टनचा. यातलं एकही गाव आपल्या वाटेवर नाही, तेव्हा आग्रह धरू नका.

व्हिसाला काय लागतं? शेतीचं उत्पन्न चालतं का?

ब्रिटनचा पर्यटक व्हिसा वेगळा. युरोपचा शेंगेन असला तरी तो इथं चालत नाही. प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी अर्ज करता येतो, निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो. बोटांचे ठसे द्यायला पुण्याला किंवा मुंबईला जावं लागतं.

शेतीचं उत्पन्न चालतं, पण ते कागदावर दिसलं पाहिजे. सातबारा, आठ-अ, कारखान्याकडून जमा झालेल्या ऊसबिलाची नोंद असलेलं बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट. मराठी कागदांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत लागतं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे अर्जाच्या आठवडाभर आधी मेहुण्याकडून पाच लाख घेऊन खात्यात भरणं. ते पैसे कुठून आले याचा खुलासा नसेल तर तेच अंगाशी येतं. व्हिसा मिळेलच अशी हमी आम्ही देत नाही. देणाऱ्यापासून सावध राहा.

गुडघे दुखतात. जमेल का?

अजिंक्यतारा हळूहळू का होईना पायी चढता येत असेल तर सगळं जमेल. स्टॉरची वाट जाऊन-येऊन चारेक किलोमीटर, चढ चांगलाच आहे. ज्यांना नको त्यांनी खाली पोर्ट्रीच्या बंदरावर कॉफी घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. आमच्या सगळ्यात वयस्कर आजी ७६ वर्षांच्या होत्या. त्या स्टॉर चढल्या नाहीत, पण लोकरी केसांच्या हायलँड गाईला "आमच्या खिल्लाराची शिंगं बघ" म्हणून मोबाईलवर फोटो दाखवत होत्या.

बाथरूममध्ये पाण्याची सोय?

कागद. फवारा नसतो. लहान प्लॅस्टिकचा मग किंवा रिकामी बाटली बॅगेत ठेवा आणि जमीन ओली करू नका, तिथं बहुतेक न्हाणीघरांत पाणी जायला जाळी नसते, कधी गालिचाही असतो. हाच तो जिन्यातला पहिला प्रश्न.

खरेदी काय करावी?

हॅरिस ट्वीड. विट्याच्या मागवाल्यांना घेऊन गेलो तेव्हा विणकराच्या शेडमधून त्यांना बाहेर काढता येईना. १९९३ च्या कायद्याने हे नाव फक्त अशा कापडाला देता येतं, जे बाह्य हेब्रिडीज (म्हणजे हॅरिस-लुईस आणि शेजारच्या) बेटांवर रंगवलेल्या आणि कातलेल्या लोकरीचं असून बेटावरच्याच माणसाने आपल्या घरी पायमागावर विणलेलं आहे. वीज वापरायची नाही. शिक्का बघून घ्या. कोट महाग पडतो, टोपी परवडते. एक गोष्ट लक्षात ठेवा, स्कॉटलंडच्या बँका स्वतःच्या नोटा छापतात. उरलेल्या नोटा तिथंच संपवा, इंग्लंडात दुकानदार कधी कधी नाकं मुरडतात.

लॉख नेस तळ्यातला राक्षस?

१९३४ चा तो प्रसिद्ध फोटो बनावट असल्याचं १९९४ मध्ये उघड झालं. तळं ३७ किलोमीटर लांब आहे. लांबीला आपला कोयनेचा शिवसागर जास्त भरेल, पण खोली २३० मीटर असल्याने पाणी कोयनेच्या दुपटीहून अधिक. आम्ही अर्धा तास थांबतो. पुरे होतं.

परतताना साताऱ्याला, सांगलीला कसं सोडता?

मुंबई विमानतळावर आपली गाडी उभी असते. सातारकर वाढे फाट्यावर, कराडकर कोल्हापूर नाक्यावर, इस्लामपूरकडचे पेठ नाक्यावर उतरतात आणि सांगली-मिरजेच्या मंडळींना गाडी घरापर्यंत सोडते. खंबाटकी ओलांडल्यावर एकदाच मिसळीसाठी थांबतो, कारण तोवर कुणालाच धीर उरलेला नसतो. विमानात बसण्याआधी बूट दोन पिशव्यांत घट्ट बांधून बॅगेच्या तळाशी टाका. दलदलीचं पाणी प्यालेले चौदा जोड बंद एसी गाडीत मिरजेपर्यंत नेणं काय असतं, ते आमच्या ड्रायव्हरला विचारा.